सीमेवरचा दुसरा फोटो

घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये तेविसाव्या मजल्यावर राहणारा हा माणूस माझ्या ऑफिसातला. त्याची सायकल माझ्या स्कूटरपेक्षा महाग, आणि ती हॉलमध्ये टीव्हीशेजारी भिंतीवर टांगलेली असायची. मी मोहने गावचा. शाळा लांब, म्हणून लहानपणापासून सायकल मारत आलेलो. ठाण्याहून नेपाळपर्यंत सायकलने जायची कल्पना त्याची. मला सोबत का घेतलं ते कसारा घाटात कळलं. त्याचं चाक पंक्चर झालं, मी खाली बसून ते काढलं, आणि त्याने फक्त माझ्या हातांचा व्हिडिओ घेऊन ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, प्रवासात सगळं स्वतःच करावं लागतं.

देश जवळून बघायचाय असं तो निघताना म्हणालेला. प्रत्यक्षात दिवसभर कानात इअरफोन. नाशिकनंतर त्याने ठाण्याचं नावही टाकून दिलं. चहावाल्यांना तो मुंबईचा असल्याचं सांगायचा, न विचारता. मला त्याचा वीट आलेला, पण वीस दिवस मी त्याची चाकं दुरुस्त करत राहिलो.

गोरखपूरच्या पुढे सीमा एका दिवसावर आली आणि माझं पोट बिघडलं. सकाळपासून इतके जुलाब झाले की एका ढाब्यामागच्या खाटेवर आडवा झालो. उठून बसलो तरी डोळ्यांपुढे अंधारी यायची. तो थोडा वेळ उभा राहिला, घड्याळ बघितलं.

"तू आराम कर रे," तो म्हणाला. "मी सीमा ओलांडायची तारीख उद्याची म्हणून ग्रुपवर टाकलीय. आणि पंप घेऊन जातो, तुला काय आत्ता लागणार नाही."

पंप माझा होता.

ढाबेवाल्याच्या म्हाताऱ्या आईने मला दोन दिवस मीठ घातलेली भाताची पेज पाजली. तुझा सोबती कुठे गेला, असं तिने विचारलं. औषध आणायला गेलाय, असं मी सांगितलं. तिने पुन्हा विचारलं नाही. तिला काय ते कळलं असणार.

तिसऱ्या दिवशी हळूहळू पेडल मारत मी सीमा ओलांडली. तो पलीकडच्या गावात हॉटेलात होता, आंघोळ वगैरे करून ताजातवाना. तब्येतीचं विचारण्याआधी म्हणाला, चल, परत गेटवर जाऊ. एकट्याचा फोटो टाकलेला, पण मित्र कुठाय असं सगळे विचारतायत. मग आम्ही सायकली हातात धरून उलटे भारतात आलो आणि पुन्हा नेपाळात गेलो. गेटवरचा नेपाळी पोलीस हसत होता. "माझ्या खांद्यावर हात ठेव," असं माझ्या सोबत्याने सांगितलं, मी ठेवला. फोटोत मी छान हसतोय.

परत आल्यावर त्याच्या सोसायटीने हॉलमध्ये आमचा सत्कार ठेवला. माझी बायको तिसऱ्या रांगेत बसलेली. तो बोलायला उभा राहिला. सीमा समोर होती, तो म्हणाला, पण मित्र आजारी. मग कसली सीमा आणि कसलं काय, दोन दिवस मी त्याच्या उशाशी बसून राहिलो. आवाज जरासा घोगरा केला. बायका डोळे पुसायला लागल्या. त्या क्षणी मला त्याची जितकी किळस आली तितकी आयुष्यात कुणाची आली नव्हती. मग कुणीतरी माइक माझ्याकडे दिला.

"ह्याच्यामुळेच पोचलो," मी म्हणालो, आणि शाल घ्यायला मान खाली केली.

घरी येताना रिक्षात बायकोला सगळं खरं सांगितलं. ती चिडेल, त्याला शिव्या देईल असं वाटलेलं. खाडीचा पूल आला तेव्हा ती माझ्याकडे वळली.

"मग माइक हातात होता तेव्हा तुला काय झालेलं?" तिने विचारलं.

मी रिक्षावाल्याला डावीकडून घ्यायला सांगितलं.

आता तो भूतानला जायचं म्हणतोय आणि मला सोबत ये म्हणून मागे लागलाय. मी नाही म्हणालो. कारण विचारलं तेव्हा गुडघा दुखतो असं सांगितलं. माझा गुडघा ठणठणीत आहे.