कोपराला घासून जाणारी काळीपिवळी

परतवाडा रोडने मी सायकलवर शाळेत शिकवायला जातो. एक काळीपिवळी जीप रोज माझ्या कोपराला घासून जायची. एवढा रस्ता मोकळा, आणि याला माझंच कोपर सापडतं? मुद्दामच करतो, माझी खात्री होती. गणितात नापास केलेल्या पोरांचे चेहरे मी एकेक करून आठवू लागलो.

एकदा फाट्यावर सवारी घ्यायला तो थांबला, तसा मी त्याला गाठला.

"काहून रे, मारतो का मले?"

तो उतरून पायाच पडला. "नाई जी सर! रोज नमस्कार करतो तुमाले. दुरून तुमाले दिसत नाई, म्हणून जवळून जातो."

"दहावीत गणितात किती होते?"

तो नुसता हसला.

त्याच संध्याकाळी मी सायकलला आरसा बसवून घेतला.