आबांच्या डाव्या हाताची सही

शुद्धलेखनाला सॉरी. टायपिंग पण स्लो आहे माझं, सकाळपासून एवढंच लिहितेय.

आबा काल दुपारी गेले आणि आज त्यांच्या सहीचा भाव वाढला.

आबा म्हणजे माझ्या आईचे बाबा. बदलापूरला हेंद्रेपाड्यात आमच्यासोबतच राहायचे.
ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तरुणपणी ते कॉमिक्सची चित्रं काढायचे. खाडीवीर हा हिरो त्यांचाच. ते छापणारी मुंबईची कंपनी कधीच बंद पडली.

मधे बरीच वर्षं कोणी नाव पण घेत नव्हतं.
मग ज्या पोरांनी ते वाचलं होतं ती मोठी झाली, कमवायला लागली आणि जुने अंक शोधायला लागली. वर आर्टिस्टची सही असेल तर अजून भाव.

पण तोपर्यंत पॅरालिसिसने आबांचा उजवा हात गेला होता.

मग ते डाव्या हाताने शिकले. माझ्या शाळेच्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर. मी नववीनंतर शाळा सोडली, वह्या तशाच पडून होत्या.
कागद सरकू नये म्हणून मी धरून बसायचे. बोलायचो नाही फार. मला जमत नाही आणि आबांना कंटाळा.

सही यायला लागली. वाकडी, लहान पोराने केल्यासारखी. पण पूर्ण नाव.

उल्हासनगरला विशू अंकलचं दुकान आहे, जुनी खेळणी आणि कॉमिक्सचं. सही खरी का खोटी ते लोक त्यांच्याकडून चेक करून घेतात. ते जुने अंक पाठवायचे, आबा सही करून द्यायचे, अंकल ऑनलाइन विकायचे.

विकलेले सगळे अंक परत आले.

पार्सलवर उल्हासनगर दिसलं की बाहेरचे लोक आधीच डुप्लिकेट समजतात. त्यात ही अशी सही. एकाने लिहिलं होतं, कुठल्यातरी पोराकडून करून घेतलीये, निदान प्रॅक्टिस तरी करायची.

प्रॅक्टिस.

आबांनी विचारलं काय लिहिलंय, मी वाचून दाखवलं. ते बोलले, रिक्षा बोलव.

पैशाचं नव्हतं त्यांना. फक्त कोणीतरी बोलायला हवं होतं की ही सही यांचीच आहे.

विशू अंकलनी खुर्ची दिली, थंडा मागवला. मग प्रॉब्लेम कुठे आहे ते दाखवलं. कंपनीच्या वेळची सही मोबाईलवर मोठी करून बाजूला ठेवली. पान उलटं करून मागून बोट फिरवलं, पेन कुठे किती दाबलंय ते कळतं म्हणे. जुन्या सहीत हात कुठेच थांबत नाही, एका झटक्यात जातो. नवीन सहीत प्रत्येक अक्षराला थांबलाय.
नकली करणारा असाच थांबत थांबत करतो, हे त्यांनी मला सांगितलं. आबांकडे बघितलं नाही.

आबा बोलले, समोर करतो, बघ.
मी अंक धरला. त्यांनी केली. खूप वेळ लागला.

"दादा, मैं मानता हूँ, आप असली हो," अंकल बोलले. "पर बायर के पास तो खाली कागज जाएगा ना."

मग त्यांनी आयडिया सांगितली. आबांनी हातात आजचा पेपर धरायचा, मग सही करायची, आपण व्हिडिओ काढू.

"मला काय पळवून आणलंय?" आबा बोलले.

अंकल हसले. मी पण हसले, परक्या दुकानात.

आबा नाही हसले. त्यांनी काउंटरवरचा स्टॅम्प पॅड ओढला, बिलाच्या शिक्क्याचा. डावा अंगठा दाबला आणि कव्हरवर खाडीवीरच्या छातीवर उठवला. हात गेल्यापासून बँकेत त्यांचा अंगठाच चालायचा. तिथे कोणी असली नकली विचारायचं नाही.

"हा तरी माझाच ना?"

अंकल हळू बोलले, "दादा, इसको तो लोग दाग बोलेंगे."

येताना रिक्षात आबा अंगठा पँटला पुसत होते. बदलापूर येईपर्यंत पुसत होते.

परत आलेले अंक अंकलनी आमच्याकडेच ठेवायला दिले. आबांनी त्यानंतर सही केलीच नाही. कुरियरवाला आला तरी मला सांगायचे, तू कर.

काल जेवून पडले ते उठलेच नाहीत.

आज पहिला फोन विशू अंकलचा. खरंच रडत होते, खोटं नाही बोलणार. मग विचारलं, बेटा, वो लेफ्ट हँडवाले कितने हैं घर में, अब सबको वही चाहिए. अंगठेवाला पण.

ज्याने प्रॅक्टिस करा लिहिलं होतं त्याचा पण मेसेज आलाय. आरआयपी. खाली, अवेलेबल आहे का.

सही तीच आहे. तेवढीच वाकडी.

आता त्यांना फक्त घरचं कोणीतरी पाहिजे जे सांगेल की हे आमच्यासमोर झालं. अंकल बोलले आईला विचार. आई आत्ता कोणाशी बोलण्यासारखी नाहीये. आणि फोनवर माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, सगळ्यांना माहितीये.

म्हणून इथे लिहिते.

त्या सह्या आबांच्याच आहेत. सगळ्या. अंगठा पण त्यांचाच. प्रत्येक वेळी कागद मी धरला होता.

विकायच्या नाहीत. इनबॉक्समध्ये विचारू नका, मी खूप थकलेय.

हे आबा असताना कोणीतरी बोलायला पाहिजे होतं. त्यांना तेवढंच ऐकायचं होतं.

आबा, झोपा आता. हाताला आराम द्या.

उद्या आमच्या साइडला दिवसभर पाणी नाहीये, आत्ताच ग्रुपवर आलंय. भरून ठेवा.