डाव्या हाताचा विळा

वनिताबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विचारलं की बोलणं पावसावर नाहीतर पेन्शनवर नेत असे. आमच्या गावात तिला डावरी म्हणत, आणि अजूनही लोक म्हणतात, डावरीला गुरुजींनी घडवलं. हे खोटं आहे. ते खोटं पहिल्यांदा मीच बोललो आणि पुढे दुसरे बोलले तेव्हा गप्प बसलो. आता ऐंशीला आलोय. लोक म्हणतील, म्हाताऱ्याला हे उकरायची काय गरज होती. गरज आहे, म्हणून लिहितो. ज्याला आवडणार नाही त्याने खुशाल वाचू नये.

आमचं गाव टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यापासून थोडं आत. तिथल्या प्राथमिक शाळेत मी मास्तर होतो. वनिता तिसरीत माझ्याकडे आली तेव्हा डाव्या हाताने लिहायची. अक्षर असं, की पाटी पुसायला जीव होऊ नये. मी पहिल्याच आठवड्यात पेन्सिल तिच्या उजव्या हातात दिली. माझी पाठ वळली की ती पेन्सिल पुन्हा डाव्या हातात जायची. पट्टी मारून पाहिली. मग मी तिचं डावं मनगट सुतळीने तिच्या कमरेला बांधलं. रोज प्रार्थना झाली की बांधायचं, शाळा सुटली की सोडायचं. असं वर्षभर चाललं. ती सुतळी माझ्या टेबलाच्या खणात खडूंच्या डब्याशेजारी असे.

त्या काळी सगळेच असं करत, असं म्हणून मी स्वतःची सुटका करून घेत आलो. पण शेजारच्या वर्गात एक डावखुरा मुलगा होता आणि तिथल्या बाई त्याला कधी काही बोलल्या नाहीत. तेव्हा सगळे करत नव्हते. मी करत होतो.

उत्तर येत असेल त्यांनी हात वर करा, असं म्हटलं की वनिताचा खांदा हलायचा आणि तिथेच थांबायचा. वर येणारा हात बांधलेला असायचा. काही महिन्यांनी खांदाही हलेनासा झाला. उजव्या हाताने ती लिहायला शिकली, पण अक्षर पार मोडलं. चौथी झाल्यावर तिचा बाप विचारायला आला, पोरीला पाचवीला टोकावड्याला घालू का? मी म्हणालो, अक्षर नाही, लक्ष नाही, घरी हाताशी राहील. बापाने ऐकलं. मास्तरांचा शब्द होता तो.

पुढे ती शेतावर गेली. भात कापताना बाया एका रांगेत बसतात. वनिता डाव्या हाताने कापायची, म्हणून तिचं कोपर शेजारणीच्या कोपराला लागायचं आणि तिला रांगेच्या टोकाला, बांधाच्या कडेला बसवायचे. विळ्याला धार एकाच अंगाने लावलेली असते, उजव्या हाताच्या सोयीने. डाव्या हाताने ओढला की तो मुठीतल्या पेंढ्यावरून घसरून बोटांवर येतो. तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर त्याच्या खुणा होत्या. लग्न होऊन ती आमच्याच गावात राहिली. नवरा मुरबाड-कल्याण जीप चालवायचा. ती काही वर्षं मुरबाडच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला होती. खोकं कसं भरायचं, चिकटपट्टी कशी लावायची, पत्ता कुठे चिकटवायचा, हे तिथे शिकली. कंपनीने माणसं कमी केली तेव्हा घरी आली.

जीपचा थांबा माझ्या घरासमोर आहे. ती तिथे उभी असली की माझ्याशी बोलायची, जणू आमच्यात कधी काही घडलंच नाही. त्यामुळे तिच्या धंद्याची सुरुवात मला ठाऊक आहे. तिने आधी फोनवर तांदूळ विकायला ठेवला, मग नाचणीचे पापड, मग करवंदाचं लोणचं. कुणी विचारेना. मी म्हणालो, "अगं, हे तर सगळेच विकतात."

"तेच ना गुरुजी," ती म्हणाली. "सगळ्यांना लागतं ते सगळेच इकतात. ज्याला कोण इचारीत नाय, त्याला जाऊन इचारायला पायजे."

आणि ती खरोखर विचारत सुटली. मुरबाडच्या एका लोहाराकडे गेली आणि धार दुसऱ्या अंगाने लावून विळा मागितला. तो म्हणाला, असलं उलटं काम मी करत नाही, घराण्यात कुणी केलेलं नाही. ती भट्टीसमोर पाट मागून बसली. दुपारपर्यंत त्याच्या तीन गिऱ्हाइकांना तिने सांगितलं की या लोहाराला विळा जमत नाही. चौथं गिऱ्हाईक यायच्या आत विळा तयार होता. तो चालवताना कुणाकडून तरी व्हिडिओ काढून घेतला आणि फोनवर टाकला. वाटलं होतं, गावातले चारजण हसतील. हसलेही. पण खाली नाशिककडच्या एका बाईने लिहिलं, मीपण डावरी आहे, मला असा विळा मिळेल का?

वनिताने तिला उलट प्रश्न केला: ताई, अजून काय अडतं तुमचं? या प्रश्नावर तिने सगळा धंदा उभा केला. डावखुऱ्या माणसांचे फोनवर गट असतात, ते तिने शोधून काढले. तिथे ती काही विकायला जात नसे, फक्त विचारायची. सोलापूरचा एक शिंपी म्हणाला, कात्री. एक सुगरण म्हणाली, चोच असलेली पळी, कारण बाजारातल्या पळीची चोच तिच्यासाठी नेहमी चुकीच्या बाजूला असते. कोयता कमरेला अडकवायची लाकडी आकडी कुणी मागितली. ती सगळं एका वहीत लिहायची आणि मग बनवणारा शोधायची. आमच्या भागात अशी डावखुरी माणसं गावात दोन-चार, म्हणून कुठला दुकानदार त्यांच्यासाठी माल ठेवणार? फोनवर मात्र साऱ्या मुलखातली दोन-चार, दोन-चार एकत्र झाली होती, आणि त्यांना दुसरं दुकान नव्हतं. वस्तूंवर तिने नाव छापलं: डावरी. गावाने चिडवायला ठेवलेलं नाव.

तिची जाऊ म्हणाली, "अगो, काय तरी चांगलं नाव ठेवायचं. देवीचं ठेव."

"देवीला लय जण हायेत," वनिता म्हणाली. "आमाला कोण नाय."

कुरियरवाला आमच्या गावात येत नसे. रोज सकाळी खोकी नवऱ्याच्या जीपच्या टपावर बांधून मुरबाडला जायची. मागच्या पडवीत चार बाया कामाला लागल्या. प्रत्येक खोक्यात ती स्वतःच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी टाकायची. त्यासाठी पस्तिशी उलटल्यावर ती डाव्या हाताने लिहायला पुन्हा शिकली होती, घरातल्या पोरांच्या जुन्या वह्या घेऊन. चिठ्ठीत एकच ओळ असे: हात मोकळा ठेवा.

आता माझ्या खोट्याकडे येतो. तिचं नाव झाल्यावर एक बातमीदार आला. शाळेत कोण होतं, असं त्याने तिला विचारलं, तिने माझं नाव सांगितलं, बस. तो माझ्याकडे आला. चहा झाला. तो म्हणाला, गुरुजी, तुम्ही तिला ओळखलं असेल ना तेव्हाच? खणात ठेवलेली सुतळी माझ्या डोळ्यांपुढे आली, आणि तोंडातून आलं, "मी तिला तेव्हाच म्हणालो होतो, हा डावा हात हेच तुझं भांडवल." ते तसंच छापून आलं. पुढे मुरबाडला एका सभागृहात आमचा दोघांचा एकत्र सत्कार ठरला. मी इस्त्रीचं धोतर नेसून गेलो. भाषणात तेच वाक्य पुन्हा म्हणालो, थोडं सजवून. टाळ्या पडल्या. ती खुर्चीवर बसून माझ्याकडे पाहत होती. तिने मला थांबवलं नाही.

मग तिच्या हस्ते मला शाल-श्रीफळ द्यायचं होतं. तिने नारळ डाव्या हातात घेतला. आयोजकांपैकी एकजण पुढे वाकून म्हणाला, बाई, उजव्या हाताने द्या. समोर माईक चालू होता.

"हा हात कमावतो," ती म्हणाली. "सत्कारपण हाच करील."

मी ओंजळ पुढे केली आणि नारळ घेतला. व्यासपीठावरून उतरताना ती माझ्याशेजारी आली आणि हळूच म्हणाली, "भाषण ब्येस झालं गुरुजी. सुतळीचं तेवढं राह्यलं."

तिच्या बोलण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. घरातून निघताना काही विसरलंय, अशी आठवण करून द्यावी, तसं ती बोलली. मी हो-हो केलं आणि जेवणाच्या रांगेत उभा राहिलो.

त्यानंतर दोनदा मी प्रयत्न केला. माझी नात डावखुरी निघाली. सूनबाई ते कौतुकाने सगळ्यांना सांगते. नातीसाठी कात्री मागवायची होती, ती तिच्या समोर जायला नको म्हणून मी मुलाच्या फोनवरून डावरीच्या दुकानातून मागवली. खाली एक चौकट असते, दुकानदाराला काही कळवायचं असेल तर लिहा म्हणून. मी अर्धा तास बसून लिहिलं. मग ते सगळं पुसलं आणि लिहिलं, खोकं नीट बांधून पाठवणे. कात्री तिच्या नवऱ्याने घरी आणून दिली. चिठ्ठीत नेहमीची ओळ होतीच, खाली एक जास्तीची होती: पोरीचा हात कोण धरत नाय ना? अक्षर गोल, दाणेदार, तिसरीतल्या पाटीवर होतं तसंच. मी ती चिठ्ठी पाकिटात घालून ठेवली आहे.

दुसऱ्यांदा गेल्या दिवाळीच्या आधी. काविळीचं निमित्त झालं आणि तिला कल्याणच्या दवाखान्यात ठेवलं. मी तिच्या नवऱ्याच्याच जीपने गेलो. पूर्ण रस्ताभर एकच वाक्य मनात घोळवलं. खोलीत शिरलो तर ती उशीला टेकून बसली होती. चेहरा हळदीसारखा. सलाईन डाव्या हाताला लावलेलं, आणि हात हलू नये म्हणून मनगट एका लहान फळीला पट्टीने बांधलेलं. माझी नजर तिथेच अडकली. तिने ते पाहिलं.

"बगा गुरुजी," ती म्हणाली, "परत बांधला. सिस्टरला सांगितलं उजव्याला लाव, तर शीर गावत नाय म्हणती." मग म्हणाली, "पन ही पट्टी सांजच्याला मी सोडवून घेनार. चिठ्ठ्या राह्यल्यात."

शेजारच्या स्टुलावर कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि पेन होतं. मी मोसंबी नेली होती. ती सोलली, फोडी एकेक करून तिच्या उजव्या हातात दिल्या. मोसंबी गोड आहे का, विचारलं. पाऊस कधी थांबायचा, ते विचारलं. भेटीची वेळ संपली तशी सिस्टर आली. मी उठलो. वनिता म्हणाली, "गुरुजी, काय बोलायचं होतं का?" मी म्हणालो, "नाही, नाही. लवकर बरी हो."

ती बरी झाली नाही. आठव्या दिवशी ती गेली, तिला गावात आणलं. स्टुलावरच्या चिठ्ठ्यांपैकी निम्म्यांवर ओळ लिहिलेली होती, म्हणजे पट्टी तिने सोडवून घेतली होती. पडवीतल्या बायांनी त्या उरलेल्या खोक्यांत घातल्या आणि खोकी जीपच्या टपावरून मुरबाडला गेली. धंदा चालू आहे, त्याच नावाने. मला तिचा घडवणारा म्हणणाऱ्याने यापुढे हे वाचून मग म्हणावं.

जीपमध्ये घोळवलेलं वाक्य मोठं नव्हतं. मोसंबीची एक फोड द्यायला लागतो तेवढाच वेळ त्याला लागला असता. वनिता, तुझं अक्षर चांगलं होतं, तुझा हात मी बांधला, तुझी शाळा मी सोडवली, मला माफ कर.