इश्यू दिसला पाहिजे!

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. पॅलेटवरचा वाळलेला रंग काल खरवडला तरी आज पुन्हा थर असतोच, तसे ते साचत जातात. स्टँडमागच्या टपरीवर आम्ही चहाला बसलो की कोणीतरी म्हणणारच, "तो भांड्यांचा सांग नं!" आणि मग सबमिशन राहतं बाजूला.

आमचं वाशिमचं चित्रकलेचं कॉलेज म्हणजे दोन हॉल, एक व्हरांडा आणि गावंडे सर. दर सत्राला एका सामाजिक विषयावर प्रोजेक्ट करावा लागतो. हुंडा, प्रदूषण, व्यसन, काहीही चालतं. सरांची मागणी एकच असते, "इश्यू दिसला पाहिजे!" तो नेमका कुठे दिसतो, हे मला अजून कळलेलं नाही. चित्रात दिसतो, की बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर, की फक्त सरांना?

मागच्या वर्षी तर याच प्रोजेक्टमध्ये मी नापास झाले. शीटच्या खाली लाल पेनने शेरा होता, "इश्यू दिसत नाही."

आमची जऊळक्याला पिठाची गिरणी आहे. बाबांनी हात झटकून शेरा वाचला आणि म्हणाले, "वैशे, तुले दिसत नाही, सरले दिसत नाही, मंग मी कायले रेल्वेचा पास काढून देऊ?" यंदा पास झाले तर शिक्षण पुढे, नाही तर ब्रश बांधून ठेवायचे आणि गिरणीवर बसायचं, असं ठरलं. माझ्या बाजूने बोलली ती फक्त आई. "एक साल जाऊ द्या नं तिले," एवढंच म्हणाली. पण बाबा ऐकून गप्प बसले, हे आमच्या घरात मोठंच!

मग मला चुलीपाशी नेऊन आईने अट घातली. "साऱ्या दुनियेचे चित्रं काढतं तू. एक डाव मले काढ."

मी म्हटलं, "काढतो."

ते कसं काढलं हे शेवटी सांगते. आधी निलेशची बाटली.

*

निलेश शेलूबाजारचा. हात असा की त्याने वांगं काढलं तर भाजीला घ्यावंसं वाटेल. त्याला विषय आला व्यसनमुक्ती. त्याने एक मोठी बाटली आणि भरलेला ग्लास काढला. बाटलीवरचे थंडगार थेंब काढण्यात तर त्याचा अख्खा आठवडा गेला. खाली लिहिलं, "दारू सोडा, घर सांभाळा."

पोस्टर लोकांमध्ये लावून प्रतिक्रिया घ्यायची असा नियम आहे. निलेशने ते गावच्या फाट्यावर, जीपा थांबतात तिथे लावलं आणि शेजारी उभा राहिला. एक ड्रायव्हर आला. बराच वेळ पाहत राहिला. निलेशला वाटलं, चला, एक माणूस सुधारला!

ड्रायव्हरने ओठांवरून जीभ फिरवली. "लय गार दिसून राह्यली बे!"

तेवढ्यात एक ढाबेवाला पुढे आला. त्याने चित्र जवळून पाहिलं, लांबून पाहिलं, मग निलेशच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, असंच एक मले बनवून दे. फक्त खालचं वाक्य काढ, अन् तिथं लिह्य, येथे मिळेल."

निलेशने ही प्रतिक्रिया इमानदारीने लिहून आणली. सरांनी ती वाचली आणि डोळे मिटून घेतले. "बाटली पास," ते म्हणाले. "इश्यू नापास!"

*

प्रज्ञा कामरगावची. तिचे बाबा एसटीत कंडक्टर. तिला एसटीच्या खिडक्या काढायला फार आवडतात, प्रत्येक खिडकीत वेगळा माणूस, वेगळी झोप. पण प्रज्ञा बौद्ध आहे. त्यामुळे सर विषय वाटायला लागले की तिच्या वाट्याला ठरलेला, जातीय विषमता. एकदा दिला, दुसऱ्यांदा दिला. सरांचा हेतू वाईट नसतो. ते अगदी मायेने म्हणतात, "तुला जास्त जाणवेल."

तिसऱ्यांदा दिला तेव्हा प्रज्ञा उभी राहिली. "सर, यावेळी हा निलेशले द्या नं."

"निलेशला? का?"

"काहून म्हणजे? जात त्यालेही हाय!"

आम्ही सगळे खाली शीटकडे पाहू लागलो. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि विषय निलेशला देऊन टाकला. प्रज्ञा खुशीत खिडक्या काढायला बसली. निलेशचं मात्र डोकं चालेना. "मी काय काढू? मले तं काहीच होत नाही!" असं म्हणत तो व्हरांड्यात येरझारा घालायचा. प्रज्ञा म्हणायची, "तेच काढ."

सुट्टीत तो घरी जाऊन आला आणि एक कप काढून आणला. बाकी काही नाही. कान तुटलेला, घराबाहेर वळचणीला उपडा ठेवलेला कप. तो कोणासाठी ठेवलाय असं त्याने घरी विचारलं होतं. आजी म्हणाली, "असू दे, पहिल्यापासून हाय."

प्रज्ञाने चित्र हातात घेऊन पाहिलं. "कान काहून नाही काढला?"

"तुटेलच हाय."

"बरं," ती म्हणाली आणि चित्र खाली ठेवलं.

सरांनी विचारलं, "यात इश्यू कुठाय?" त्यावर निलेशला काही सांगता येईना आणि प्रज्ञा काही सांगेना. चित्र चांगलं होतं की वाईट, हे मला आजही कोणी विचारू नये. पण टपरीवर चहा आला की मी अजून कपाचा कान पाहते.

*

मग विषय आला स्थलांतर. सर म्हणाले, "पुस्तकातून उतरवू नका. जा, माणसं पाहा!"

आम्ही दिवाळीनंतर सुट्टी मिळेल तशी काढून मंगरूळपीरच्या बाजूच्या एका तांड्यावर गेलो. बोर्ड, पेन्सिली, पाण्याच्या बाटल्या, सगळा जामानिमा. तर तांड्यावर घरोघरी कुलपं! एक म्हातारे आजोबा तेवढे उन्हाला बसले होते.

"कोन पायजे?"

"आजोबा, आमी कॉलेजातून आलो. स्थलांतरावर चित्र काढायचं हाय."

"मंग उशीर केला नं बाप्पा!" आजोबा खरोखर हळहळले. "सारे परवाच गेले टरकात बसून. ऊस तोडाले. होळीपाशी या, वापस येते."

आम्ही होळीनंतर पुन्हा गेलो. आता तांडा भरलेला. पोरं पळताहेत, बाया मोठ्याने हसताहेत, कोणाच्या तरी मोबाइलवर गाणं लागलंय. यावेळी सरही सोबत होते. त्यांनी डोळे बारीक करून सगळीकडे पाहिलं आणि आमच्या कानाशी म्हणाले, "यांच्या चेहऱ्यावर स्थलांतर दिसत नाही."

हळू बोलणं सरांना जमत नाही. दारात तांदूळ निवडणाऱ्या एका बाईने वर पाहिलं.

"मंग काय रडू का? आत्ताच तं घरी आलो!"

सरांनी तिची माफी मागितली. तिने सगळ्यांना चहा पाजला. चित्र कोणाचंच झालं नाही, आणि आम्ही काय पाहून आलो याचा अहवाल लिहायला बसलो तर प्रत्येकाने वेगळंच लिहिलं.

*

आता भांड्यांचा. गावाचं नाव सांगत नाही, तिथे आम्हाला अजून ओळखतात. प्रज्ञाच्या मामाचं गाव आहे एवढं पुरे.

विषय पाणीटंचाई. प्रज्ञाची कल्पना अशी, की चौकात रिकाम्या भांड्यांची लांब रांग मांडायची. माणूस एकही नको, नुसती भांडी. फोटो काढायचे आणि काम फत्ते! प्रत्येकाने घरून भांडी आणली. मी आईचा पितळी गुंड आणला. तो तिच्या माहेरचा, पाण्याने भरला की मला एकटीला उचलत नाही.

रांग मांडली. फार सुंदर दिसत होती. फोटोसाठी मी समोरच्या दुकानाच्या ओट्यावर चढले, तर रांगेच्या शेवटी एक निळी कळशी. ही आमची नव्हती! तिच्यामागे एक बादली. मग दोन हंडे.

निलेश धावला. "मावशी, टँकर येत नाही हो. हे नुसतं दाखवाले ठेवलं हाय!"

"मंग आमचीही ठेवू दे नं दाखवाले," मावशी म्हणाल्या आणि कळशी जरा पुढे सरकवली.

बघता बघता रांग चौकातून वळून देवळापर्यंत गेली. मग नंबरावरून भांडण. "ही पिवळी बादली कोनाची? मी हिच्या आंधी होती!" प्रज्ञा सगळ्यांना कला समजावून सांगत होती. ऐकून घेतल्यावर एक आजी म्हणाली, "ते सारं बरोबर हाय, पन टँकर कितीक वाजता येते?" टँकर येणारच नाही हे पक्कं कळल्यावर सगळ्या बाया उठल्या आणि पदर खोचून ग्रामपंचायतीवर गेल्या. आम्ही घाबरून मामाच्या घरात जाऊन बसलो.

संध्याकाळी टँकर आला!

सर आनंदाने वेडे व्हायचे राहिले. "आपल्या कॉलेजचा सगळ्यात यशस्वी प्रोजेक्ट!" ते म्हणाले. मग जरा थांबून विचारलं, "पण तुम्ही नेमकं केलं काय?"

ते आम्हालाही माहीत नव्हतं. शिवाय त्या गर्दीत आईचा गुंड गेला. तो कोणाच्या घरी पाणी भरतोय, देव जाणे.

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आई पीठ चाळत होती. "मंग? दिसला का तुमचा इश्यू?"

"दिसला नं. टँकर आला."

"अन् माहा गुंड?"

मी चाळणीखालचं पीठ सारखं करू लागले.

"तो नाही दिसत," आई म्हणाली आणि चाळू लागली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

*

आणि आता शेवटचा.

यंदाच्या प्रोजेक्टला विषय निवडायची मुभा होती. मी घेतला, घरातल्या बाईचं काम. म्हटलं, आईला दिलेला शब्दही पाळला जाईल आणि पासही होईन. ओसरीत चटई टाकली. आई भाच्याच्या लग्नातली जांभळी साडी नेसून, केसांना तेल लावून येऊन बसली. मी भिंत काढली, खुंटी काढली, चटईच्या काड्या काढल्या. आता आईला सुरुवात करणार, तर गिरणीतून बाबांचा आवाज, "अवं, हे गहू घे जरा!"

"येऊन बसतो नं मी," म्हणत ती उठली. आली, बसली. दूध उतू गेलं. पुन्हा आली. वाळत घातलेल्या शेवयांवर शेळी आली. दुसऱ्या दिवशी तेच. ती रोज तीच साडी नेसायची, रोज बसायची आणि मी नाक काढायच्या आत उठायची. सबमिशनचा दिवस उजाडला तेव्हा माझ्या चित्रात सगळं होतं. भिंत होती, खुंटी होती, चटईजवळ तिच्या चपला होत्या. आई नव्हती.

यंदाही गेलं, असं म्हणत मी ते सरांपुढे ठेवलं. मला रडूच येत होतं. सर खुर्चीतून उठले. चित्रासमोर उभे राहिले आणि त्यांचा आवाज एकदम बदलला.

"वैशाली! दिसला! इश्यू दिसला! बाईचं काम, आणि बाईच नाही! काय विचार केलास!"

"सर, ती शेळी हाकलायला उठली होती."

"हे कुठे लिहू नकोस," सर म्हणाले.

त्यांनी चित्राला नाव दिलं, 'अनुपस्थिती'. प्रदर्शनात मधल्या भिंतीवर लावलं. बाहेरून येणारे परीक्षक हेच आधी पाहतील, पास तर होशीलच, नंबरही येईल, असं ते म्हणाले. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण घरी मी फक्त "चित्र लागलं" एवढंच सांगितलं.

तेवढंच पुरलं. परीक्षेच्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने आई वाशिमला आली. जांभळी साडी, केसांना तेल, सोबत शेजारची मंदाकाकू. आपलं चित्र भिंतीवर लागलंय हे तिने अर्ध्या जऊळक्याला सांगितलं होतं.

ती चित्रासमोर उभी राहिली. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"मी कुठी हाय?"

निलेश मदतीला धावला. "काकू, तुमी नाही, हेच तं..." आणि मध्येच थांबला.

मंदाकाकू म्हणाली, "चपला तुह्याच हायेत वं."

आईने पायातल्या चपलांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही निघून जाईल आणि ते मला जन्मभर पुरेल. तिने चपला काढल्या. बरोबर चित्राच्या खाली, हॉलच्या फरशीवर मांडी घालून बसली. पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले.

"काढ आता," ती म्हणाली. "इथं गिरणी नाही, शेळी नाही. मी हालत नाही."

प्रज्ञाने माझ्या हातात बोर्ड आणि पेन्सिल दिली. मी समोर बसले. कपाळ झालं, भुवया झाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नाकापर्यंत आले, आणि दारातून सर आणि परीक्षक आत आले.

परीक्षकांनी वरची रिकामी चटई पाहिली. खाली बसलेली बाई पाहिली. मला पाहिलं. पुन्हा चटई पाहिली. मग चालत येऊन अगदी आमच्या दोघींच्या मध्ये उभे राहिले आणि सरांना विचारलं, "ह्या बाई प्रोजेक्टचा भाग आहेत का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. हो म्हटलं असतं तर खोटं, नाही म्हटलं असतं तर ही कोण आणि चित्रात का नाही, सगळंच सांगावं लागलं असतं; म्हणजे अनुपस्थिती संपली, आणि तिच्यासोबत माझं कॉलेजही. डोळ्यांपुढे गिरणीचा पट्टा फिरायला लागला. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात आईच बोलली. मान न हलवता, नुसते ओठ हलवून.

"साहेब, जरासे बाजूले सरका नं. पोट्टीले मी दिसून नाही राह्यली."

साहेब बाजूला सरकले.