बाबलचा आवाज ग्रुपवर टाकणार नाही

माझ्या सख्ख्या भावाचा आवाज मला मस्कतच्या एका माणसाकडे मागावा लागला.

आज बाबलला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून त्याच्या ग्रुपवाल्यांचे मेसेज येतायत. "ताई, त्याचो आवाज टाका ना."
म्हणून हे लिहितेय.

माझ्या पुण्याच्या मैत्रिणींना बाबल माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगते. माझा धाकटा भाऊ. कुडाळला मेडिकलमध्ये कामाला. आणि डबलबारीचा वेडा.

डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवा समोरासमोर. आधी एकाने गायचं, मग दुसऱ्याने, आणि गाता गाता एकमेकांना चिमटे काढायचे. आमच्याकडे क्रिकेटच्या मॅचला होत नाही एवढी गर्दी बारीला होते.

बाबल रेकॉर्डर घेऊन पहिल्या रांगेत. आधी कॅसेटचा, मग तो छोटा डिजिटल. नंतर सायबरमध्ये बसून फाइल ग्रुपवर चढवायची. मस्कत, दुबई, डोंबिवली, जिथे म्हणून आपली माणसं आहेत तिथे ती ऐकली जायची.
आणि मग त्याखाली गजाली, म्हणजे गप्पा, सुरू.

त्या गजालींवर मी जळायचे. अजून जळते.

घरी या माणसाच्या तोंडात मिठाची गुळणी.
"जेवलंस?"
"होय."
संपलं.

आणि तिथे? कुठल्या बुवाने चाल कुठून उचलली, पखवाजवाला कुठे घसरला, यावर पानंच्या पानं. वर हसणं, टोमणे, एकमेकांची खेचणं.
हा माझाच भाऊ का, असं वाटायचं.

एका भाऊबीजेला सावंतवाडीला माझ्याकडे आला. ओवाळून मी ताट खाली ठेवतेय तोवर विचारतो, "हयसर सायबर खंय आसा गो?"
नवरा हसला. मला हसू आलं नाही.

"माका पण ने रे एकदा बारी आयकूक," मी कितीदा म्हटलं असेल.
"तुका त्यातला काय कळता गो बाय?"

ज्याला कळायचं तो सुधाकर. मूळचा देवगडचा, मस्कतला नोकरीला. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. पण बाबलच्या बोलण्यात सारखा तोच. सुधाकर असा म्हणालो, सुधाकराक ह्या आवाडला.
मी आणलेला शर्ट आवडला का, ते मला कधी कळलं नाही.

गेल्या वर्षी बाबल दुकानातच कोसळला. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

ग्रुपवर श्रद्धांजल्यांचा पाऊस. "आमचो बाबल गेलो."
आमचो म्हणे.

त्यात सुधाकरने लिहिलं होतं, "ह्याका खूप दिवस धाप लागत होती. दाक्तराक दाखव म्हणान मी सांगून दमलंय."

मला धाप माहीत नव्हती. कुडाळ ते सावंतवाडी अंतर ते किती. आणि ही गोष्ट आधी मस्कतला पोचली.
ते वाचून रडू यायच्या आधी मला राग आला. सुधाकरचा.

दिवसकार्य झालं आणि लक्षात आलं, बाबलचे फोटो आहेत, पण आवाज नाही. सगळ्या बुवांचे आवाज जपणाऱ्या माणसाचा आवाज घरात कुणीच जपला नव्हता.
रेकॉर्डरमध्येही काही नाही. फाइल चढवली की तो जागा रिकामी करायचा.

पण प्रत्येक बारी सुरू व्हायच्या आधी तो स्वतः बोलायचा. गाव कुठलं, बुवा कोण, आवाज कसा येतोय. एवढं मला माहीत होतं.
म्हणून इतके दिवस नुसता बाहेरून वाचलेल्या त्याच्या ग्रुपमध्ये मी शिरले आणि लिहिलं, "माझ्या भावाचा आवाज कुणाकडे आहे का?"

लोकांनी भराभर फाइली पाठवल्या. मी एकेक लावत गेले.
प्रत्येक फाइल थेट पखवाजावर सुरू.

ग्रुपची पद्धतच तशी होती. बाबलने चढवलेली मूळ फाइल तिथे थोडेच दिवस टिकायची. नेट हळू, सायबरचं बिल वाढतं, म्हणून फाइल पुढे पाठवताना सुरुवातीचं बोलणं कापून टाकायचं. "बोलणा कापा, भजन ठेवा," हे त्यांना शिकवलं कुणी? आमच्या शहाण्या बाबलनेच.

शेवटी सुधाकरचा मेसेज आला. "ताई, एक आसा माझ्याकडे. ती मी कापूक नाय. धाडतंय."
कित्याक कापली नाय, असं मी विचारलं.
"भजन खंयही गावता. ह्याचो आवाज माका होयो होतो."

आभार मानायला हवे होते. मी नुसतं "मिळाली" एवढंच लिहिलं.

पिंगुळीची बारी आहे. मागे माणसांचा गलबला, कोणीतरी खोकतंय, आणि मग बाबल. अगदी कानाशी.
"पिंगुळीक इलंय. वारो नाय, आवाज बरो येतलो. मानसा खूप जमली हत. तू हय असतंस तर बरा झाला असता."

घरात इतकं सलग तो माझ्याशी कधी बोलला नव्हता.

त्यापुढे तो म्हणतो, "ही बारी तुझ्यासाठी."
आणि त्यापुढे, "सुधाकरा."

ग्रुपवाल्यांनो, बाऱ्या सगळ्या तुमच्याच आहेत, हव्या तेवढ्या वाटा. ही फाइल मी देणार नाही. दिली तर तुम्ही ती शेवटपर्यंत ऐकाल.

मी "तुझ्यासाठी"ला थांबवते. वर्षभर रोज तिथेच थांबवतेय.

बाबल, जंय आसस थंय बरो रव.
तुझी बाय