गाडी बोलली की थर्ड

नाव: श्रीमती शिवलीला गुरुपादप्पा उळ्ळागड्डी. वय: पंचावन्न पूर्ण. हुद्दा: संस्थापक, मुख्य प्रशिक्षक आणि एकमेव कर्मचारी, श्री वीरभद्रेश्वर मोटर ड्रायव्हिंग स्कूल, मुक्काम मुळगेरी. ओळखीची खूण: उजव्या तळहातावर घट्टा. दृष्टी: निर्दोष. श्रवण: निर्दोष. वर्तणूक: सचोटीची. सदर व्यक्ती मोटार चालवण्यास, तसेच ती इतरांस शिकवण्यास, सर्व बाजूंनी पात्र आहे.

वरील मजकूर माझ्या अक्षरातला. मार्केट यार्डासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर बसून मी लायसन्सचे अर्ज भरून देतो. आमच्याकडे श्रवणाचा रकाना विचारून भरायची पद्धत नाही. समोर बसून बोलणाऱ्या माणसाला ऐकू येत असणारच, हा त्यामागचा तर्क. चांगला तर्क होता.

मुळगेरीत ज्याला गाडी येते त्याला ती लीलक्कानं, म्हणजे या शिवलीलाबाईंनी, शिकवलेली असते. मठाच्या स्वामींचा ड्रायव्हर तिचा, कापसाच्या दलालांच्या सुना तिच्या, मीही तिचाच. नवरा गुरुपादप्पा बियाणांचं दुकान चालवतो आणि गाडीला घाबरतो, त्यामुळे घरात तेवढा एकच तिच्या हातून सुटला. शिकवताना ती डावीकडे बसून उजवा पंजा डॅशबोर्डवर सपाट ठेवते. आम्हाला वाटायचं, तो चापट मारायच्या तयारीत असतो. तसा तो असायचाही.

तिचे नियम गावाला पाठ होते. गाडीत बडबड चालणार नाही. आणि मागून हॉर्न वाजला तर ढिम्म हलायचं नाही. "मागचा वाजवतो ती त्याची घाई. आपण आपला रस्ता बघायचा." मागे अख्खी लॉरी कोकलत असली तरी लीलक्काची मान वळत नसे. स्वामींनी एकदा प्रवचनात तिचा दाखला दिला होता, विषय होता वैराग्य.

तिसरा धडा मात्र तिनं कधी दिला नव्हता, आणि तोच सगळ्यांना येत होता. दुसऱ्या गिअरमध्ये थोडा वेग आला की तिच्या गाडीच्या पुढच्या चाकांत खडखड सुरू व्हायची. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी. ती सुरू झाली की क्लच दाबायचा आणि थर्ड टाकायचा. जुना शिकाऊ नव्याला मागच्या सीटवरून कुजबुजून सांगायचा, "गाडी बोलली की थर्ड." या विद्येवर गावातली एक पिढी उभी आहे. हित्तलमनी मास्तरांनी नवी कोरी गाडी घेतली आणि आठवड्यात शोरूमला परत नेली. तक्रार अशी, की ही बोलतच नाही.

याला पहिली हरकत घेतली गंगाम्बिका होसमनीनं. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून ती नुकतीच हुबळीहून बदलून आली होती. भावाच्या गाडीवर थोडं शिकलेली होती, म्हणजे आमच्या दृष्टीनं बिघडलेलीच. पहिला धडा संपवून ती माझ्या पायरीवर येऊन बसली.

"काका, त्या गाडीचं पुढचं चाक निघायला आलंय."

"निघायला नाही, ती बोलते."

"काय बोलते?"

"थर्ड."

तापात बरळणाऱ्याकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं. "मी अक्कांना दोनदा सांगितलं, पुढे खडखडतंय म्हणून. दोन्ही वेळा म्हणाल्या, थर्ड."

"मग टाकायचा."

वाद इथंच मिटला असता. पण स्कूलचा परवाना संपत आला होता, आणि सोमवारी तपासणीला जिल्ह्याहून नवे साहेब यायचे होते. हे साहेब गाडीत बसून फेरी मारल्याशिवाय सही करत नाहीत, अशी त्यांची कीर्ती आधीच पोचली होती. गाडी नापास म्हणजे स्कूल बंद. लीलक्कानं स्वतःच बोलून दाखवलं, "बंद झालं तर मी काय करू? यांच्या दुकानात बसून भेंडी-वांग्याचं बी मोजू?" गंगाम्बिकानं ती वेळ साधली आणि शनिवारी सकाळचे धडे आटोपल्यावर गाडी दावलसाबच्या गॅरेजात न्यायला लावली. कागद सोबत हवेत म्हणून मी गेलो. बायकोला एकटी सोडायची नाही म्हणून गुरुपादप्पा चालत मागून आला.

दावलसाब नदाफ हा आमचा मेकॅनिक. त्याचा स्वतःबद्दलचा अंदाज उदार आहे. तो गिऱ्हाइकाची गाडी कधी चालवून बघत नाही, मालकाला विचारतो. म्हणतो, डॉक्टर कधी पेशंटच्या अंगात शिरतो काय?

"काय होतंय, अक्का?"

"काही होत नाही. गाडी ठणठणीत आहे. हिला वाजतंय म्हणे."

"ठणठणीत आहे," दावलसाबनं आम्हाला निकाल ऐकवला.

"आधी चालवून बघा," गंगाम्बिका म्हणाली.

"बाई, मी सुई टोचायला तुमच्या दवाखान्यात येतो का?"

तोवर समोर चुरमुऱ्यांचं गिरमिट विकणारा गिरमिटवाला गाडा सोडून आला होता. त्याचं म्हणणं, चाकाच्या टोपीत खडा अडकलाय. टोपी काढली, खडा नव्हता. दावलसाब म्हणाला, मग ब्रेक पॅड ढिले. ते बसवले. गुरुपादप्पानं हळूच लिंबू बांधायचं सुचवलं. शेवटी गंगाम्बिकानं दावलसाबला शेजारी बसवून जिनिंग मिलच्या रस्त्यावर फेरी मारली. परत आली तेव्हा दावलसाबची बडबड थांबलेली होती.

"ब्रेक दाबला तरी वाजतं," तो म्हणाला. "म्हणजे पॅड नाही. स्टीअरिंग पूर्ण फिरवलं तरी वाढत नाही, म्हणजे अॅक्सल नाही. पण बारीक खडीवर..." वाक्य तिथंच टाकून तो जॅक आणायला गेला.

डावं पुढचं चाक अधांतरी झालं. त्यानं ते दोन्ही बाजूंनी धरून हलवलं. काही नाही. मग एक हात वर, एक हात खाली ठेवून हलवलं.

खटाक्.

पहिलीतल्या पोराचा दात हलावा तसं चाक हललं. दावलसाबनं खाली वाकून एक लोखंडी कांब घातली आणि जरा उचकटलं. माणसाच्या मांडीचं हाड जसं खोबणीत बसतं तशी चाकामागे एक गोळी वाटीत बसलेली असते, तिच्यावर चाक उभं राहतं आणि वळतं. ती गोळी वाटीतून सरळ बाहेर आली. दावलसाब जमिनीवर बसला.

"या अल्ला," तो म्हणाला. "हे नुसतं सवयीनं उभं होतं."

सकाळीच त्या गाडीतून बायकांची एक तुकडी ओढ्याच्या पुलावरून जाऊन आली होती. त्या पुलाला कठडा नाही. गंगाम्बिका त्या तुकडीत होती. ती दोन पावलं मागे सरून टायरच्या ढिगावर टेकली.

"एक खड्डा," दावलसाब म्हणाला, "एक बऱ्यापैकी खड्डा लागला असता की चाक आडवं. अक्का, किती महिने वाजतंय हे?"

लीलक्का आमच्याकडे पाठ करून रस्त्यापलीकडची जत्रेची जाहिरात वाचत होती. तिनं उत्तर दिलं नाही. दावलसाबचा आवाज चढला. "अक्का! मी काय विचारतोय?" तरी नाही. त्यानं चिडून उजवं चाकही उचललं आणि वरखाली हिसडलं. खटाक् खटाक्. तेही गेलेलं. गाड्याखाली निजलेलं कुत्रं उठून दुसरीकडे गेलं. लीलक्का जाहिरात वाचत राहिली.

गंगाम्बिका उठली. तिनं दावलसाबचा सगळ्यात मोठा पाना उचलला, लीलक्काच्या पाठीमागे गेली आणि तो रिकाम्या ऑइलच्या पिंपावर हाणला.

माझ्या हातातला चहा सदऱ्यावर सांडला. गुरुपादप्पा "शिवा!" म्हणून ओरडला. लीलक्कानं पदर सारखा केला. मग ती सहज वळली, आणि आमच्याकडे बघून तिचा चेहरा उतरला.

"काय झालं? तोंडं अशी का केलीत? कोण गेलं?"

"अक्का," गंगाम्बिका समोर उभी राहून म्हणाली, "तुम्हाला ऐकू येत नाही."

"येतं की. हे आत्ता काय ऐकलं मग?"

गंगाम्बिकानं ओढणी तोंडावर धरली आणि काहीतरी बोलली. आम्हा सगळ्यांना ते स्वच्छ ऐकू आलं. लीलक्का त्या ओढणीकडे बघत राहिली. ओठ दिसत नव्हते, ओढणी हलत होती.

"खाली घे ती," ती शेवटी म्हणाली. "खाली घे आधी."

गिरमिटवाला गाड्यावर परत गेला. अशा वेळी थांबू नये एवढं त्याला कळतं. गुरुपादप्पा मात्र भर उन्हात उभा राहिला, पांढराफटक. "एवढी वर्षं," तो म्हणाला, "मला वाटत होतं, ती फक्त माझंच ऐकत नाही."

लीलक्कानं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ती गाडीजवळ गेली, डॅशबोर्डवर पंजा ठेवला, परत काढला. "हाताला थरथर यायची," ती म्हणाली. "तळव्याला आणि पायाला. थरथर आली की मी थर्ड सांगायची. ती आवाज करत होती?"

"हो, अक्का."

"किती?"

"गावभर," दावलसाब म्हणाला.

"आणि गावात एकानंही मला सांगितलं नाही?"

आता उत्तर देणं मला भाग होतं, कारण ती माझ्याकडे बघत होती. "आम्हाला वाटलं," मी म्हणालो, "तो धडाच आहे."

तिनं डॅशबोर्डवरची धूळ पदरानं पुसली. मग म्हणाली, "मला वाटायचं माझी पोरं हुशार. मी सांगायच्या आत थर्ड टाकतात." नंतर ती पुलाबद्दल बोलली, पण आमच्याशी नाही. त्या सकाळच्या एकेका बाईचं नाव घेतलं, पुढे कुणाची सून, कुणाला किती लेकरं, आणि शेवटी टायरवर बसून पदरात तोंड लपवलं.

रविवारी दावलसाबनं दोन्ही चाकांचे सांधे नवे बसवले. गाडी गप्प झाली. संध्याकाळच्या तुकडीतल्या एकीनंही थर्ड टाकला नाही. मार्केट यार्डापासून बसस्टँडपर्यंत इंजिन कोकलत दुसऱ्या गिअरमध्येच गेलं, आणि लीलक्काचा पंजा डॅशबोर्डवर आपटत राहिला.

सोमवारी साहेब आले. तरुण होते, इस्त्रीचे होते. गंगाम्बिका स्टीअरिंगवर, शेजारी लीलक्का, मागे साहेब आणि फाइल धरून मी. साहेब मागून हुकूम देणार हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, आणि मागच्या माणसाचं तोंड पुढच्याला दिसत नाही हेही. रविवारी रात्रीच गंगाम्बिकानं तोड काढली होती. पहिला प्रश्न नेहमी एकच असतो, किती वर्षं शिकवता. दुसरा असतो तो गाड्या किती. मी मागून हळूच सीटला गुडघा लावायचा, की लीलक्कानं ठरलेलं उत्तर द्यायचं.

"मॅडम, किती वर्षं शिकवता?" साहेबांनी विचारलं.

मी गुडघा लावला.

"गाडी बाजूला घे," लीलक्का म्हणाली. गंगाम्बिकानं घेतली. लीलक्का सीटवर पूर्ण मागे वळली, आणि मी तिला इतकी वर्षं ओळखतो, पण चालू शिकवणीत तिला मागे वळलेलं पहिल्यांदा बघितलं.

"साहेब, तुम्ही काहीतरी विचारलंत. काय ते मला माहीत नाही. मला ऐकू येत नाही. समोरच्याचं तोंड बघून कळतं, मागचं कळत नाही. परवापर्यंत हे मलाच माहीत नव्हतं. या गाडीची पुढची दोन्ही चाकं निखळायला आली होती, सगळ्या गावाला ऐकू येत होतं, मला नाही. आता दुरुस्त केलीत. तुम्ही काय लिहायचं ते लिहा."

साहेबांचा चेहरा, आमच्याकडे ऊस चावताना दात तुटला की होतो, तसा झाला. त्यांनी माझ्या मांडीवरची फाइल ओढली.

"इथं लिहिलंय, श्रवण निर्दोष. कुणी लिहिलं?"

"मी."

"तपासून?"

"रकाना होता, साहेब."

साहेबांनी पेन काढलं, टोपण काढलं, टोपण लावलं. मग मागचं दार उघडून ते खाली उतरले, पुढे येऊन लीलक्काच्या खिडकीशी उभे राहिले, आणि तिला दिसेल असं तोंड करून सावकाश म्हणाले, "जिल्ह्याच्या दवाखान्यात कान तपासून घ्या. दाखला आणा. तोवर स्कूल बंद."

"कळलं," लीलक्का म्हणाली.

तपासणीत डावा कान जवळजवळ गेलेला आणि उजवा त्याच वाटेवर असल्याचं निघालं. कानाचं यंत्र मिळालं. ते घालून ती पहिल्यांदा गाडीत बसली त्या दिवशी मी मागे होतो. बसस्टँडजवळ एका लॉरीनं हॉर्न दिला आणि लीलक्का सीटवरून उडाली.

"शिवा शिवा! हे काय?"

"हॉर्न, अक्का."

"हे रोज असतं?"

"रोज."

"आणि तुम्ही यात गाडी चालवता?" तिला खरोखरच धक्का बसला होता. मग तिनं हात लांब करून आपल्याच गाडीचा हॉर्न दाबला, आणि दचकून हात मागे घेतला. "हा माझा? एवढा उर्मट?" फेरी अर्ध्यावर सोडून ती घरी गेली आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. गुरुपादप्पा म्हणतो, तिला त्याचं घोरणंही नवीनच कळलं.

दवाखान्याचा दाखला साहेबांकडे पोचला आणि स्कूल पुन्हा सुरू झालं. आता दर सोमवारी, तुकडी यायच्या आधी, लीलक्का कानात यंत्र घालून एकटीच जिनिंग मिलच्या रस्त्यावर जाते. काचा खाली करून, बारीक खडीवरून सावकाश गाडी नेत, पुढच्या दोन्ही चाकांचं काय म्हणणं आहे ते ऐकून येते. एकदा परत येऊन तिनं दावलसाबला सांगितलं, डावीकडे काहीतरी कुरकुरतंय. तो म्हणाला, काही नाही अक्का. तिनं त्याला गाडीत बसवून नेलं. कुरकुरत होतं.

नवा अर्ज माझ्याच अक्षरात आहे, या वेळी विचारून लिहिलेला. दृष्टी: निर्दोष. श्रवण: यंत्रासह निर्दोष. सदर व्यक्ती मोटार चालवण्यास, तसेच ती इतरांस शिकवण्यास, सर्व बाजूंनी पात्र आहे.

शिकवताना यंत्र डॅशबोर्डच्या कप्प्यात असतं; मागचा वाजवतो ती त्याची घाई.