यावलच्या खोलीचं बटण

मेहरूणच्या संघमित्राला डोक्यावर साहेब नको होता, म्हणून ती घरी बसूनच लिनक्सवरचे प्रोग्राम लिहायची. यावलच्या नथ्थू आबांची केळी पिकवण्याची खोली तिच्याच प्रोग्रामवर चाले. गारवा कधी सुरू करायचा, कधी बंद, सगळं एका जुनाट कॉम्प्युटरच्या हाती. भिंतीवरचं हाताचं बटण तिनेच हट्टाने काढायला लावलं होतं. "आबा, माणूस विसरतो, मशीन विसरत नाही," असं ऐटीत म्हणालीही होती.

नवा लॅपटॉप आला आणि बाईसाहेबांचे पाय जमिनीवर राहिनात. तिने प्रोग्राम सुधारला, नव्या लॅपटॉपवर तयार केला आणि यावलला पाठवून दिला. सकाळीच खोली सांभाळणाऱ्या ललितचा फोन आला. "ताई, हे सुरूच होत नाही. लायब्ररी जुनी आहे म्हणतंय."

कुठलाही प्रोग्राम सगळा पसारा स्वतःजवळ बाळगत नाही. सिस्टिममधल्या सामाईक लायब्ररीच्या जिवावर चालतो. नव्या लॅपटॉपवर तयार झालेला प्रोग्राम नवी लायब्ररी मागत होता, ती त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरकडे कुठून येणार? आधीचा प्रोग्राम परत लावला असता तरी भागलं असतं. पण मागे जाणं तिला कमीपणाचं वाटलं. तिने आपल्या लॅपटॉपमधली लायब्ररी पाठवली आणि फोनवरूनच ललितला ती जुनीच्या जागी टाकायला लावली.

आगीतून फुफाट्यात! अख्खी सिस्टिमच त्या लायब्ररीवर उभी होती. आता कॉम्प्युटर साधा हुकूमही ऐकेना, गारवा बंद पडला आणि बंद खोलीत केळी तापू लागली.

फोनवरच्या खटपटीत दिवस गेला; दुसऱ्या दिवशी पहाटेच संघमित्राने एसटी पकडली. वाटेत दुतर्फा केळीच्या बागा होत्या; तिला तिकडे बघवेना.

ती पोचली तेव्हा खोलीची दारं सताड उघडी होती. तिने एक केळं दाबलं, बोट आत गेलं. व्यापाऱ्याचा ट्रक रिकामाच परतला होता. आबा पायरीवर बसले होते. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

"आबा, चुकलं माझं. जुनी सिस्टिम परत टाकते. संध्याकाळपर्यंत चालू होईल."

"करशीन तू. तुह्यावर भरोसा हाये माहा," आबा उठत म्हणाले. "पन पोरी, पयले हे लाव."

त्यांनी कपाटातून फडक्यात बांधलेलं जुनं बटण काढून तिच्या हातावर ठेवलं. ते पुसून ठेवलेलं होतं.

संघमित्राने ललितकडे स्क्रूड्रायव्हर मागितला.